कासव, दयाळ आणि काळ्या खडकाखालचं पाणी

एका जंगलात, नदी दोन वळणं घेऊन जिथे जराशी विसावते तिथल्या डोहाकाठी, एक फार म्हातारं कासव राहत असे. किती म्हातारं? तर त्याच्या पाठीवरच्या रेषा मोजायला एकदा एक ससा बसला आणि निम्म्यावर येऊन झोपी गेला, इतकं! कासवाचा उद्योग एकच होता, विचार करणं. ऊन कुठून येतं, पाणी खालीच का वाहतं, दगड दगडच का राहतो, असल्या गोष्टींवर ते कवचात डोकं ओढून दिवसच्या दिवस विचार करी. विचार पुरा झाला, की हळूच मान बाहेर काढी आणि कोणी ऐकायला आहे का ते पाही.

ऐकायला येण्याची त्या जंगलात रीतच होती. दर आठव्या दिवशी सकाळी सगळे प्राणी डोहाकाठच्या जांभळीखाली जमत आणि कासव त्यांना एक विचार सांगे. कासव कधी चुकीचं बोलत नसे, पण थोडक्यातही बोलत नसे. एखादी गोष्ट सांगायची, तर आधी ती म्हणजे काय ते सांगायचं, मग ती म्हणजे काय नव्हे ते सांगायचं, मग कोणाचा कोणता गैरसमज होऊ शकेल ते, आणि मग त्या गैरसमजाचं उत्तर. मूळ गोष्ट येईपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असे आणि रानडुकराच्या घोरण्याने पाचोळा उडत असे. बाकीचे माना डोलवत. त्यातल्या किती माना आदराने डोलत होत्या आणि किती पेंगत होत्या, ते मी सांगणार नाही.

त्याच जांभळीवर एक दयाळ पक्षी राहत असे. अंगाने एवढासा, काळा-पांढरा, शेपटी सदा ताठ उभी. कासवाचं बोलणं चालू असताना तो फांदीवर गप्प बसून राही. बोलणं संपलं, की गळा फुगवून दोन ओळी गाई. फक्त दोन! पण त्या ऐकून रानडुक्कर जागं होई, माकडं उड्या थांबवत, आणि हरिणीचं पाडस, जे तोवर आईच्या पोटाला ढुशा देत असे, ते कान उभे करून वर बघत राही. मग आठवडाभर जंगलात जो तो त्याच ओळी गुणगुणत हिंडे. कासवाने काय सांगितलं होतं असं विचारलं, तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत.

मुलांनो, कासवाला हेवा वाटू लागला. साधासुधा नव्हे, चांगला जळजळणारा. आपण शंभर वर्षं विचार करायचा, आणि काल अंड्यातून बाहेर पडलेल्या या पोराने शेपटी उडवून जंगल खिशात घालायचं! पाण्यात बुडी मारली तरी त्याच्या कानात दयाळाची ओळ वाजायची. सगळ्यांत मोठी पंचाईत म्हणजे ती ओळ त्यालाही पाठ झाली होती. पण कासवाने आपल्या हेव्याला हेवा म्हटलं नाही. विचार करणाऱ्यांना वाईट गोष्टीला चांगलं नाव शोधता येतं. कासवाने त्याला 'सत्याची काळजी' असं नाव दिलं, आणि त्या नावाखाली ते रोज थोडं थोडं जळत राहिलं.

एका आठव्या दिवशी दयाळाने डोहावर गाणं म्हटलं. 'डोहाने बाई आभाळ प्यायलं, पोटात त्याच्या ढगाचं पोर फिरायला लागलं' अशी काहीशी ती ओळ होती. प्राणी खूश झाले. पाडस तर डोहाच्या काठाशी जाऊन आत ढग फिरतायत का ते वाकून बघू लागलं. कासवाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"थांबा!" कासव म्हणालं. "दयाळा, मला सांग, डोहाला तोंड आहे का?"

"नाही, आजोबा."

"मग तो प्यायला कशाने? आणि आभाळ प्यायला असेल, तर आत्ता आपल्या डोक्यावर काय आहे?"

"आभाळच आहे," दयाळ म्हणाला. त्याची शेपटी जरा खाली आली.

"म्हणजे ओळ खोटी."

"खोटी असेल, आजोबा. पण डोहाकडे बघितलं की तसंच वाटतं ना?"

"वाटतं म्हणजे सिद्ध होतं का?"

इतक्यात पुढे बसलेला कोल्हा, जो नेहमी मोठ्यांच्या जवळच बसे, टाळ्या पिटत उठला. "वा, गुरुवर्य, वा! मला तर कधीचा संशय होता. लहान लेकरं अशानेच बिघडतात."

कासवाला तेवढाच आधार हवा होता. त्याने तिथल्या तिथे ठराव मांडला : 'सिद्ध केल्याशिवाय या जंगलात कोणीही एक ओळसुद्धा म्हणायची नाही.' हरिणीला वाटलं, काहीतरी बोलावं. पण एवढ्या म्हाताऱ्या, एवढ्या शहाण्या कासवासमोर आपण काय बोलणार, म्हणून ती मूग गिळून बसली. बाकीचेही बसले. ठराव मंजूर झाला.

"मग मी पलीकडच्या काठावर जातो, आजोबा," दयाळ म्हणाला. "तिथे एक सावरीचं झाड आहे. ते आपल्या जंगलात मोडत नाही." आणि तो उडाला.

आता सगळे आपलं ऐकतील, असं कासवाला वाटलं. पुढच्या आठव्या दिवशी ते सूर्योदयालाच जांभळीखाली जाऊन बसलं. त्या दिवशी निम्मेच प्राणी आले. त्याच्या पुढच्या वेळी कोल्हा, रानडुक्कर आणि एक बहिरा साळिंदर, एवढेच होते. त्याही पुढच्या वेळी कोल्ह्याने पोटदुखीचं कारण सांगून पाठवलं. कासवाला कळेना, हे काय झालं? दयाळ गेला, गाणं गेलं, तरी हेवा काही जाईना. आता तर त्या रिकाम्या फांदीचाही हेवा वाटू लागला, कारण येणारा जाणारा जो तो मान वर करून तिच्याकडे बघून जात असे.

त्या वर्षी उन्हाळा लांबला. नदीची धार आधी मनगटाएवढी झाली, मग काडीएवढी, मग नाहीशी. डोह आटत आटत मधोमध हिरव्या चिखलाचं थारोळं तेवढं उरलं. प्राण्यांच्या तोंडचं पाणी पळालं ते खरोखरच पळालं. मोठे कसेबसे तग धरून होते, पण पिल्लांचे हाल बघवत नव्हते. हरिणीचं दूध आटलं होतं आणि पाडस दिवसभर जांभळीच्या सावलीत जीभ बाहेर काढून पडून असे.

तेव्हा कासवाने मान बाहेर काढून सांगितलं, "मला एक पाणी ठाऊक आहे."

खरंच ठाऊक होतं. लहानपणी असाच दुष्काळ पडला असताना ते आपल्या आईच्या मागे मागे चाळीस दिवस चालत एका काळ्या खडकापाशी गेलं होतं. त्या खडकाखाली करवंदीच्या जाळीआड एक झरा होता. वरून उडणाऱ्याला तो दिसायचा नाही, वास लागायचा नाही, पण तो कधी आटायचाही नाही. कासवाला चाळीस दिवस लागले ती वाट हरणांना एका दिवसाची होती. अडचण एवढीच, की कासव पुढे होऊन वाट दाखवू शकत नव्हतं. त्याच्या चालीने जायचं तर कोणी वाटेतच मरायचं. आणि सगळ्यांनी एकदम कळप करून निघावं, तर वाघाचं आयतंच फावायचं. ज्याने त्याने आपापली पिल्लं घेऊन, आपापल्या वेळी, गुपचूप जायला हवं होतं. म्हणजे वाट प्रत्येकाच्या डोक्यात पक्की बसायला हवी होती.

कासवाने वाट सांगायला सुरुवात केली. "आधी आपण वाट म्हणजे काय ते पाहू," ते म्हणालं. मग दक्षिण दिशा म्हणजे काय, ती उन्हावरून कशी ओळखावी, ढगाळ दिवशी तसं का करू नये, पळस कोणता धरावा आणि कोणते पळस धरू नयेत, ओढ्याला फाटे किती आणि त्यातला प्रत्येक फाटा का चुकीचा, असे अठरा मुद्दे त्याने ओळीने सांगितले. त्यातला एकही चुकीचा नव्हता. प्राण्यांनीही या वेळी जिवाचा कान करून ऐकलं.

पहिली हरीण निघाली. पाडसाला जांभळीखाली ठेवून तिने आधी एकटीनेच वाट बघून यायचं ठरवलं. ती गेली ती तिसऱ्या दिवशी परत आली, खुरं फुटलेली, डोळे खोल गेलेले.

"कासवआजोबा," ती म्हणाली, "अकराव्या मुद्द्यापर्यंत मला आठवत होतं हो. पुढचं सगळं एकमेकांत मिसळलं. ओढ्याच्या फाट्यापाशी उभी राहून मी आठवत बसले आणि दिवस गेला."

"अगं पोरी, बारावा मुद्दा तर सगळ्यांत सोपा होता!" असं म्हणून कासवाने तो पुन्हा सांगितला, आणि नीट कळावा म्हणून त्याचे आणखी तीन पोटभाग केले. हरिणीने ते ऐकलं, पाडसाकडे बघितलं आणि मटकन खाली बसली. त्या दिवशी पाडसाने कान हलवून माश्या उडवणंही सोडून दिलं होतं.

कासवाला पहिल्यांदाच भीती वाटली. आपल्याला खरं ठाऊक आहे आणि ते आपल्याच तोंडात अडकून पडलंय! मग त्याने एक प्रयत्न केला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने घसा साफ केला आणि गायला सुरुवात केली : "ज्याअर्थी पाणी हे दक्षिणेस, त्याअर्थी आपणही, हवामान अनुकूल असल्यास..." रानडुकराने खोकून दुसरीकडे बघितलं. साळिंदराला ऐकू येत नव्हतं, त्यामुळे तो तेवढा मन लावून बसला होता.

"दयाळदादा असता, तर दोन ओळींत बसवलं असतं त्याने," हरीण हळूच म्हणाली.

"मी तर तेव्हाच म्हणत होतो, त्याला घालवू नका म्हणून," कोल्हा म्हणाला.

कासवाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मी जातो," ते म्हणालं.

"तुम्ही कशाला? मी धावत जाऊन बोलावून आणते."

"नको. ठराव माझा होता. तू बोलावलंस तर तो येणार नाही, आणि आला तरी गाणार नाही."

मग त्या म्हाताऱ्या कासवाने भर दुपारी नदीचं कोरडं पात्र ओलांडायला सुरुवात केली. वाळू तव्यासारखी तापली होती. पोट भाजत होतं, आणि पोटाहून जास्त मन भाजत होतं. वाटेत दोनदा त्याला वाटलं, परत फिरावं. 'त्या पोरापुढे मी मान लववायची? ज्याने कधी एक गोष्ट सिद्ध केली नाही त्याच्यापुढे?' पण मागे वळून बघितलं, की जांभळीखालचं ते पाडस दिसे, आणि ते पुन्हा पाय पुढे टाकी. ऊन उतरता उतरता ते सावरीखाली पोहोचलं.

दयाळ खालच्याच फांदीवर होता. वाळला होता. शेपटी ताठ नव्हती.

"दयाळा, मी चुकलो," कासव म्हणालं. "मी सत्याची काळजी म्हणालो, पण तो हेवा होता. तुझा हेवा. ठराव मोडला असं समज आणि चल माझ्याबरोबर. पाण्याची वाट मला ठाऊक आहे, पण मी सांगितलेली कोणाच्या डोक्यात राहत नाही."

दयाळ फांदीवरून उडून कासवासमोर जमिनीवर उतरला. मग म्हणाला, "आजोबा, इकडे आल्यापासून मी रोज एक नवं गाणं केलं. ऐकायला गोड आहेत सगळी. पण कशाबद्दल आहेत, ते मलाच सांगता येत नाही. तिकडे तुम्ही बोलायचात, मी फांदीवर बसून ऐकायचो, त्यातलं एखादं मला चावायचं आणि मग गाणं व्हायचं. इकडे मला काही चावतच नाही." तो जरा थांबला. "आणि एक सांगू? मला तुमचा हेवा वाटायचा. तुम्हाला ठाऊक असतं. मला नुसतं वाटतं."

आपला कोणीतरी हेवा करतं हे ऐकून कासवाला काय वाटलं असेल? खरं सांगायचं, तर फार बरं वाटलं. तेवढ्या संकटातही त्याने ते वाक्य मनात दोनदा म्हणून घेतलं. मग त्याला स्वतःची लाज वाटली आणि ते म्हणालं, "बस. वेळ नाही. वाट ऐक."

दयाळाने अठराच्या अठरा मुद्दे ऐकले. त्यातले बारा त्याने टाकून दिले. एकेक मुद्दा टाकताना कासव कळवळत होतं, जणू कोणी त्याचं कवच सोलून काढतंय.

"उन्हाच्या ओळीत 'साधारणपणे' हा शब्द हवाच," ते म्हणालं. "ढगाळ दिवशी ऊन नसतं."

"आजोबा, ढग असते तर आपण इथे बसलो असतो का?"

कासवाने 'साधारणपणे' सोडून दिलं. पण पुढच्या ओळीला त्याने पाय रोवले. दयाळ गात होता, "सात वाटा सोड, आठवीला लाग..."

"सात नव्हे, दोन! दोन वाटा सोडायच्या, तिसरी धरायची."

"पण सात म्हटलं की ओळ कशी भरल्यासारखी वाटते!"

"ओळ भरेल आणि हरीण दरीत पडेल!" कासव ओरडलं. इतकं मोठ्याने ते शंभर वर्षांत ओरडलं नव्हतं. "दयाळा, तिसरीच्या पुढची वाट कड्यावर जाते. तुझ्या एका गोड शब्दाने ते पाडस मरेल."

दयाळाला तो 'सात' फार आवडला होता. पण त्याने डोळे मिटले आणि 'दोन' घातला, आणि मग ओळ पुन्हा सरळ उभी राहीपर्यंत ती दहादा म्हणून बघितली. शेवटी गाणं झालं ते असं, दोनाऐवजी चार ओळींचं :

जळक्या पळसाला पाठ दे, पाठ दे,
सकाळचं ऊन डाव्या कानाला घे,
दोन वाटा सोड, तिसरीला लाग,
काळ्या खडकाखाली पाण्याचा माग.

"पण आजोबा, हे सिद्ध कसं करायचं?" दयाळाने विचारलं. चेष्टा करत होता की खरंच विचारत होता, कोण जाणे.

"चालून," कासव म्हणालं. "जे पोहोचतील ते सिद्ध करतील."

दयाळ उडाला आणि जांभळीवर जाऊन त्याने ते गाणं म्हटलं. एकदाच ऐकून माकडांना आलं, दोनदा ऐकून रानडुकराला आलं. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताच हरीण पाडसाला उठवून निघाली. चार पावलं टाकून पाडस पडायचं, हरीण 'पाठ दे, पाठ दे' म्हणत त्याला नाकाने ढकलायची, आणि ते त्याच तालावर पुन्हा पाय टाकायचं. फाट्यापाशी तिला काही आठवत बसावं लागलं नाही. पाय आपोआप तिसऱ्या वाटेला वळले. दिवस मावळायच्या आत त्या दोघांची तोंडं झऱ्यात होती. मागून बाकीचेही पोहोचले, वेगवेगळ्या वेळी, आपापली पिल्लं घेऊन. एकही चुकला नाही.

कासव मागेच राहिलं. सावरीखालून परत येऊन डोहातल्या उरल्यासुरल्या चिखलात त्याने स्वतःला पुरून घेतलं, दुष्काळात कासवांची तशी रीतच असते. तिथे पडल्या पडल्या त्याने पुष्कळ विचार केला, आणि बराचसा हेवाही केला. कारण सगळे आता त्या ओळींना 'दयाळाचं गाणं' म्हणणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. हेवा असा एका दुपारच्या चालण्याने थोडाच संपतो!

आणि झालंही तसंच. पावसाळा येऊन डोह भरला, प्राणी परतले, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी 'दयाळाचं गाणं'. कासव पाण्यातून वर आलं, सगळं ऐकलं, आणि जांभळीखाली जाऊन बसलं. तो आठवा दिवस नव्हता. कोणी येईल अशी त्याची अपेक्षाही नव्हती.

तेवढ्यात पाडस आलं. आता त्याला इवलीशी शिंगं फुटली होती. ते कासवासमोर पाय दुमडून बसलं.

"कासवआजोबा, गाण्यात म्हणतात 'दोन वाटा सोड'. का सोडायच्या? त्या कुठे जातात? आणि तो झरा आटत का नाही? मी आईला विचारलं, तर ती म्हणाली, गाण्यात तसंच आहे. मी दयाळकाकांना विचारलं, तर ते म्हणाले, ते फक्त कासवआजोबांना ठाऊक आहे."

शंभर वर्षांत कासवाला कोणी आपण होऊन 'का' विचारलं नव्हतं. त्याने मान पूर्ण बाहेर काढली आणि बोलायला सुरुवात केली. आधी त्याने त्या दोन वाटा कुठे जातात ते सांगितलं, आणि वाट म्हणजे काय ते मागाहून. पाडस एकदाही पेंगलं नाही.

वरच्या फांदीवर दयाळ हे बघत होता. आपल्या गाण्यापाशी जे पाडस नुसतं नाचायचं, ते आजोबांपाशी एवढं रंगून बसलेलं पाहून त्याच्या पोटात जरासं दुखलं. चांगलंच दुखलं म्हणा ना! मग तो एक फांदी खाली उतरला आणि मान वाकडी करून ऐकू लागला.

तात्पर्य : विचाराला वाट ठाऊक असते आणि गाण्याला पाय असतात, दोघं एकमेकांचा हेवा करत बसले, तर तहानेने जीव जातो तो तिसऱ्याच कोणाचा तरी.